झेनमध्ये टर्बो बसवायचाय? आधी चार आकडे कळव

मेस्त्री काका, नमस्कार.
मी २९ वर्षांचा, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसीवर कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यांची १९९८ ची कार्बोरेटरवाली मारुती झेन माझ्याकडे आहे, १ लाख ६२ हजार किलोमीटर झालेली. बॉडी कडक आहे, पण गाडी ओढत नाही. आंबा घाटात एसी बंद करून दुसऱ्या गिअरवर चढवावी लागते, मागचे हॉर्न मारतात. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की निळा धूर सोडते, मग थांबतो. मित्राच्या ओळखीचा एक गॅरेजवाला म्हणतो, अपघातातल्या गाडीचं १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, ११० बीएचपीचं, १ लाख ८५ हजारांत वायरिंगसकट बसवून देतो. गाडी मला विकायची नाही. वडिलांची पेट्रोलची वही अजून ग्लव्ह बॉक्समध्ये आहे. २००५ च्या एका पानावर त्यांनी लिहिलंय, "आंबा घाट, चौघे, तिसरा गिअर, ॲव्हरेज १६.५." आई म्हणते आहे तशी ठेव, बायको म्हणते नवी घे. इंजिन बसेल का? पासिंगला अडचण येईल का? ब्रेक तेच चालतील ना? तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, अहो-जाहो नको.
– स., कोल्हापूर

प्रिय स.,

बसेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. कोल्हापुरात राहून हे विचारायचं नसतं. उद्यमनगरात ज्यांच्या आजोबांनी ऑईल इंजिनं घडवली, त्यांना झेनच्या बॉनेटखाली परकं इंजिन घालणं म्हणजे चार दिवसांचं काम. जुनी माउंटिंग कापायची, नवे पाटे वेल्ड करायचे, रेडिएटर थोडा पुढं सरकवायचा, बंपरच्या आतलं लोखंड जरा छाटायचं. बॉनेट लागलं की फोटो काढायचा. पुढचं सगळं त्या फोटोनंतर सुरू होतं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तीन प्रश्न तू टर्बोबद्दल विचारलेस, आणि त्याच पत्रात गाडीचा आजारही लिहून टाकलास, त्याबद्दल मात्र काही विचारलं नाहीस. त्या आजाराकडं शेवटी येतो. आधी टर्बोचं बोलू, नाहीतर बाकीचं तुझ्या कानात शिरायचं नाही. मला माहीत आहे, कारण या वेडातून मीही गेलोय.

त्या १ लाख ८५ हजारांत तुझ्या दारात येणार आहे ती मुख्यतः उष्णता. ताकद तिच्या मागून येते. पेट्रोल इंजिन पूर्ण जोर लावतं तेव्हा सायलेन्सरकडं निघालेला वायू नऊशे अंशांच्या घरात असतो. टर्बोत तो एका छोट्या पंख्यावर सोडतात. पंखा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं ना, तेच. ३५ अंशांची हवा अर्धा बार दाबली तर टर्बोतून बाहेर पडताना ती ८५-९० अंशांवर गेलेली असते. तशीच सिलिंडरमध्ये घातली तर पेट्रोल ठिणगीनं लागलेल्या ज्वाळेची वाट बघत नाही, कोपऱ्यात आपोआप भडकतं. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो. तो लावायचा कुठं? पुढं, रेडिएटरच्या तोंडाशी. झेनचं नाक केवढं, त्यात एसीचा कंडेन्सर आधीच बसलेला. म्हणजे ज्या रेडिएटरला आता दुप्पट काम आहे, त्याच्याच तोंडावर तू हात ठेवलास.

माझ्या टेबलावर एक पिस्टन आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. त्याच्या डोक्याला, कडेला, आठाण्याएवढं भोक आहे. २००२ साली मी कुर्ल्याच्या भंगारातून एका छोट्या जपानी इंजिनाचा टर्बो आणला आणि स्वतःच्या मारुती ८०० ला बसवला. पहिले अकरा दिवस मी राजा होतो. शिट्टी वाजायची, रंकाळ्यावर पोरं मागं बघायची. बाराव्या दिवशी जोतिबाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. आतून कुणीतरी वाळूचे खडे डब्यात हलवावेत तसा आवाज आला. मी रेडिओ मोठा केला. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण केलं तसं सांगतो. दोन वळणांनी गाडी मेली. हवा जास्त गेली होती, तेवढं पेट्रोल कार्बोरेटरनं दिलं नव्हतं, आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन मेणासारखा वितळला होता.

तुझ्या गॅरेजवाल्याला मी नावं ठेवत नाही, ओळखतही नाही. पण एक विचार. त्यानं आजवर टर्बो बघितले असतील ते बहुतेक डिझेलचे. आपल्याकडं ऊस ओढणारे ट्रक, जीप, ट्रॅक्टर, सगळीकडं टर्बो आहे आणि मेस्त्री तो डोळे झाकून खोलतात. डिझेल इंजिन टर्बोला सोसतं, त्याला कारण आहे. तिथं सिलिंडरमध्ये नुसती हवा दाबली जाते, डिझेल अगदी शेवटी फवारतात, त्यामुळं आधीच भडकायला आत काही नसतंच. पेट्रोलमध्ये हवेबरोबर पेट्रोल असतं किंवा दाब चढत असतानाच आत येतं. एक्झॉस्टही डिझेलपेक्षा बराच जास्त गरम. डिझेलचा टर्बो दहा वर्षं हाताळलेला माणूस पेट्रोलमध्ये नवखाच असतो, आणि हे त्याला स्वतःला माहीत नसतं. मला नव्हतं.

आता ऑईल. टर्बोचा दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिनातून दाबानं ऑईल येतं आणि खालच्या पाइपातून इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये परत पडतं. परत जाताना त्याला दाब नसतो, नुसता उतार असतो. कंपनीच्या गाडीत हा उतार जागेवर बसवलेला असतो. इंजिन परक्या गाडीत जाताना दोन इंच खाली किंवा तिरकं बसलं की तो पाइप आडवा होतो, ऑईल टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये घुसतं. मग लोक म्हणतात टर्बो गेला. टर्बो ठणठणीत असतो, चुकलेला असतो पाइप. तू कुठलंही असलं काम बघायला गेलास तर शिट्टी ऐकू नकोस, खाली वाकून तो पाइप बघ. सरळ खाली, जाड, मध्ये कुठंही पोट नसलेला हवा.

"वायरिंगसकट" हा शब्द गॅरेजवाल्यानं किती सहज टाकलाय बघ. त्या १ लाख ८५ हजारांतला सगळ्यात महाग शब्द तोच. तुझी झेन म्हणजे कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि मेकॅनिकल पेट्रोल पंप. कॉम्प्युटर नावाची वस्तू तिच्यात नाही. जे इंजिन येणार ते ईसीयूशिवाय, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरशिवाय, एक ठिणगीही देणार नाही, आणि तो ईसीयू त्याच्या जुन्या गाडीची किल्ली, मीटर, ॲक्सिलरेटरचं इलेक्ट्रॉनिक पेडल, सगळ्यांशी बोलायला बघणार. कुणी उत्तर दिलं नाही तर एकतर सुरू होणार नाही, किंवा लंगडत चालणार. पेट्रोलच्या टाकीत दाबाचा पंप हवा, म्हणजे टाकी उघडायची, परतीची लाइन बदलायची. दुसरा रस्ता म्हणजे बाहेरचा प्रोग्रॅम होणारा ईसीयू घ्यायचा आणि तो मापं घेत घेत जुळवून देणारा माणूस शोधायचा. अशी माणसं आहेत, पुण्यात आहेत, बेंगळुरूत आहेत, पण त्यांची फी तुझ्या आकड्यात धरलेली मला दिसत नाही. त्या गॅरेजवाल्याला एकच विचार: ईसीयू कुणाचा, आणि मॅपिंग कोण करणार? "ते होतंय हो" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत ये.

गिअरबॉक्सचं थोडक्यात. तुझ्या झेनचं इंजिन ९९३ सीसी, ५० बीएचपीच्या आसपास, आणि टॉर्क सत्तर-ऐंशी न्यूटन मीटर. नव्या टर्बो इंजिनांचा टॉर्क त्याच्या दुप्पट किंवा जास्त, तोही खालच्या फेऱ्यांतच येतो. क्लच, गिअरचे दात, ॲक्सलचे जॉइंट, सगळे जुन्या हिशेबानं कापलेले आहेत. म्हणून इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घ्यावा लागतो, मग ॲक्सल एका बाजूनं त्या गाडीचे आणि दुसऱ्या बाजूनं झेनचे, मधे जोडून आणलेले. तू सीएनसीवर आहेस. फिरत्या दांड्याला मधोमध वेल्डिंग म्हणजे काय, हे तू मला सांग.

आणि ब्रेक. नाही, तेच चालणार नाहीत. झेनला पुढं डिस्क, मागं ड्रम, आणि १४५ रुंदीचे टायर. गाडीचं वजन पाऊण टनाच्या आसपास, त्यासाठी ते ठीक होतं. वेग ८० वरून ११० वर गेला की थांबवताना ब्रेकनं जिरवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. माझ्याच हातची एक गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या झेनला मी एस्टीमचं १.३ चं इंजिन घातलं होतं. तेव्हा ही फॅशन होती. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली असल्यानं काम सोपं जायचं. टर्बो वगैरे काही नाही, साधं इंजिन. ट्रायलला म्हणून आम्ही गगनबावड्याला गेलो आणि करूळ घाट उतरलो. वर जाताना दोघंही हसत होतो. उतरताना सातव्या-आठव्या वळणाला जळका वास आला, मग पेडल मऊ झालं, मग खाली टेकलं. ब्रेक ऑईलला उकळी फुटली होती. हँडब्रेक आणि पहिला गिअर, गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घालून थांबवली. दरी दुसऱ्या बाजूला होती म्हणून हे सदर लिहितोय. त्या दिवसानंतर मी कुठल्याही गाडीचा जोर वाढवला तर आधी ब्रेक वाढवले, मग इंजिनाला हात लावला.

कंपन्या काय करतात ते बघ. झेन ज्या सुझुकीच्या जपानी छोट्या गाडीवरून आली, त्या सेर्व्हो मोडला खरोखर टर्बो मिळायचा. एसआर-फोर नावाची, ६५८ सीसी, चार सिलिंडर, ६४ पीएस. तुझ्या झेनपेक्षा एक तृतीयांश लहान इंजिन आणि ताकद जास्त. म्हणजे तुझं स्वप्न अगदीच वेडगळ नाही, तुझ्या गाडीच्या जपानी भावंडानं ते जगून घेतलंय. पण ते कारखान्यात, कागदावर आधी आखून. आपल्याकडं २०१७ मध्ये बलेनो आरएस आली, एक लिटरचं टर्बो, १०२ पीएस. साध्या बलेनोला मागं ड्रम होते. आरएसला कंपनीनं चारी चाकांना डिस्क दिले. साध्या इंजिनापेक्षा ताकद जेमतेम वीसेक पीएसनं वाढली होती, तरी ब्रेक बदलले. तू ५० वरून ११० वर निघालायस.

पासिंगवर येतो. इथं गोलमोल बोलून उपयोग नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकात कंपनीनं दिलेला जो तपशील नोंदला आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या वेगळ्या इंधनाच्या मान्यताप्राप्त किटला कायद्यात वाट ठेवली आहे. तुझं इंजिन पेट्रोलवरून पेट्रोलवर जातंय, ती वाट तुझी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये, केरळच्या एका प्रकरणात, कंपनीच्या मूळ तपशिलापलीकडचे बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. मालकानं परवानगीबाहेरचा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलाला" हे शब्द नीट वाच. जुनं इंजिन निकामी झालं म्हणून त्याच जातीचं, त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन घालायचं असेल तर आरटीओकडं रीतसर अर्ज करून, बिल दाखवून नंबर बदलून घेता येतो. ९९३ सीसीच्या जागी १.२ लिटरचं टर्बो, हे त्यात बसत नाही. तुझी गाडी १९९८ ची, म्हणजे पंधरा वर्षं २०१३ ला संपली, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पुढचं २०२८ ला असेल. त्या दिवशी इन्स्पेक्टर बॉनेट उघडून नंबर बघणार. तेव्हा तुला एक तर खोटं बोलावं लागेल, किंवा वडिलांची गाडी भंगारात द्यावी लागेल. गॅरेजवाला म्हणेल "बघून घेऊ". २०२८ ला त्याचा फोन लागेल का, याचा अंदाज तू मांड.

विमा मी एका वाक्यात संपवणार होतो, पण दोन लागतील. बदल न कळवता गाडी ठोकलीस तर तुझ्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारणार, हे तर झालंच. पण समोरच्याला लागलं, तर कंपनी त्याला पैसे देऊन नंतर ते तुझ्याकडून वसूल करायला कोर्टात उभी राहू शकते, आणि माणसाच्या जिवाची भरपाई लाखांत मोजतात. शिवाय अपघातातल्या गाडीचं इंजिन म्हणतोयस. त्याचं बिल, मूळ गाडीचे कागद, चॅसिस नंबर, काहीतरी बघितलंस का? चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस आधी तुझ्याकडं येतील, गॅरेजवाल्याकडं नंतर.

आता तुझ्या पत्रातल्या आजाराकडं.

वडिलांची ती वही म्हणजे गाडीचा केसपेपर आहे. २००५, आंबा घाट, चौघं जण, तिसरा गिअर, साडेसोळाचं ॲव्हरेज. तेव्हा गाडी सात वर्षांची होती आणि बॉनेटखाली हेच इंजिन होतं. हीच गाडी, हाच घाट, आज दुसऱ्या गिअरला रडते. म्हणजे ५० घोडे कमी पडत नाहीयेत, ५० पैकी बरेचसे पळून गेलेत. तुला टर्बो हवाय असं तुला वाटतंय. मला वाटतं तुला २००५ ची गाडी हवी आहे. ती मिळते. ती कायदेशीरही आहे.

सकाळचा निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. तो पहिल्या सुरुवातीलाच येऊन थांबतो हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण सगळा उलगडा तिथंच आहे. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराचं टोपीसारखं सील असतं. ते वयानं कडक झालं की रात्रभर वरच्या हेडमधलं ऑईल दांड्यावरून थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळच्या पहिल्या धडाक्यात जळून जातं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर धूर चढावर, जोर लावताना, सतत आला असता. तेव्हा मागं माणूस बसवून आरशातून बघ, चढाला येतो का. येत नसेल तर निम्मी काळजी सोड.

पण सीलनं पिकअप जात नाही. पिकअपला वेगळी कारणं बघायची, आणि स्वस्तापासून महागाकडं जायचं. चारी चाकं एकेक करून जॅकवर घे आणि हातानं फिरव. एखादं जड फिरत असेल तर गेली काही वर्षं तू ब्रेक दाबूनच गाडी चालवतोयस. हे इतक्या गाड्यांत निघतं की मी इंजिनाकडं जायच्या आधी नेहमी जॅक काढतो. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी. या इंजिनाचे टॅपेट स्क्रूनं लावायचे असतात, शेवटचे कधी लावले ते वहीत असेल. डिस्ट्रिब्यूटरला एक बारीक रबरी नळी जाते, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची. तिचं कार्बोरेटरकडचं टोक काढून तोंडानं ओढ, आतली पट्टी हलली पाहिजे आणि जीभ लावून धरली की दम टिकला पाहिजे. पडदा फाटला असेल तर ठिणगी आपली वेळ बदलत नाही, गाडी जड वाटते आणि पेट्रोल खाते. पंचवीस वर्षांच्या रबराकडून काय अपेक्षा करणार. कार्बोरेटर साफ, चोक पूर्ण उघडतोय का, सायलेन्सर आतून बसलाय का, क्लच घसरतोय का. आणि एसीबद्दल मनात राग धरू नकोस. कंप्रेसर तीन-चार घोडे खातोच. पन्नासातून चार गेलेले कळत नाहीत, तिसातून गेलेले कळतात.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं. ही मी सांगतो तशीच करायची, कारण अर्धे लोक चुकीची करतात. इंजिन गरम करून घे. चारही प्लग काढ, एक नाही, चारही. कॉइलची वायर काढून ठेव, म्हणजे ठिणगी कुठं उडायची नाही. दुसऱ्या माणसाला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांग. पाय न दाबता केली तर आत हवाच येत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. मीटर लावून स्टार्टरनं पाच-सहा फेरे. बॅटरी चार्ज असू दे. निरोगी इंजिनात चौरस सेंटिमीटरला बारा ते चौदा किलोच्या दरम्यान आकडा यावा आणि कुठल्याही दोन सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक नसावा. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल आत सोड आणि पुन्हा मोज. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलीय. जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर हेड गॅस्केटवर संशय घे.

व्हॉल्व्ह निघाले तर हेड खोलून व्हॉल्व्ह घासून सील बदल. बोअर निघाला तर आपल्या गावात आहेसच. बोअरिंग, होनिंग, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, क्रँकची बेअरिंग, वर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि रेडिएटर. पिस्टन आधी हातात घे, त्याच्या मापावर बोअर मारायला सांग, उलटं नाही. सीएनसीवाल्याला हे सांगायला नको, पण बोअरिंगवाल्याला सांगावं लागतं. गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या निम्म्याच्या खूप आत हे सगळं बसेल असा माझा अंदाज. उरलेल्यात नवे टायर, ब्रेकचे सिलिंडर आणि पाइप, ब्रेक ऑईल, शॉकअप्स. इंजिनावरचा नंबर तोच राहतो, म्हणून आरसी बुकाला हात लावायची गरज नाही. असं नव्यानं बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर हळू चालव, पण एकाच वेगात नको. मग आंबा घाट.

एवढं करूनही टर्बोची खाज राहील, मला कळतं. ती आईच्या नि बायकोच्या समजावणीनं जात नाही. मग दोन सरळ मार्ग आहेत. एक, कारखान्यातून टर्बो आलेली जुनी गाडी घे. पोलोची जीटी टीएसआय, बलेनो आरएस, अशा गाड्या वापरलेल्या मिळतात. घेताना ऑईल बदलल्याच्या नोंदी बघ, कारण टर्बोला किलोमीटरपेक्षा शिळं ऑईल लवकर मारतं. बायकोचं म्हणणं यात अर्धं पुरं होतं, झेनही घरी राहते. दुसरा मार्ग, एखादी मोडकळीला आलेली दुसरी झेन घे, तिची रस्त्याची आशा सोडून दे, केज (आतून लोखंडी पाइपांचा सांगाडा) घाल, आणि जे प्रयोग करायचे ते तिच्यावर कर. ती ट्रेलरवरून न्यायची आणि बंद मैदानात, एफएमएससीआय या मोटार शर्यतींच्या राष्ट्रीय संघटनेच्या परवान्यानं ज्या ऑटोक्रॉस शर्यती होतात तिथं पळवायची. तिथं हेल्मेट असतं, ॲम्ब्युलन्स असते, समोरून एसटी येत नाही. त्या गाडीला टर्बो बसवणार असशील तर मला पत्र टाक. ऑईलचा पाइप बघायला मी स्वतः येतो, पिस्टन घेऊन.

गॅरेजवाल्यानं ॲडव्हान्स मागितला असेल तर अजून देऊ नकोस. दिला असशील तर परत मागताना भांडू नकोस, "आईनं नाही म्हटलं" म्हण. कोल्हापुरात एवढं पुरतं.

या रविवारी कॉम्प्रेशनचा मीटर मिळव. तुझ्याच कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्याकडं असेल. टायमिंग बेल्टच्या बाजूचा एक नंबर, तिथून क्रमानं चार. प्लग काढताना कुठल्या नंबरचा ओला किंवा काळा होता तेही टिपून ठेव. वडिलांच्याच वहीत लिही, त्यांच्या पानाखाली, तारीख घालून, आणि मला ते चार आकडे कळव. ऑईल घालून मोजलेले वेगळे, कोरडे वेगळे.

तुझा,
मेस्त्री काका